तीन बोटं कमी

मी एक खुर्ची बोलतेय. लंगडी, बुटकी आणि मनात डूख धरणारी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी क्षमा-शांतीचं काहीतरी ऐकायला मिळेल या आशेवर कुणी बसून राहायला नको.

माझा जन्म चांगल्या घरातला. एका म्हाताऱ्या सुताराने आम्हा सहा बहिणींना एकाच ओंडक्यातून घडवलं. काम संपल्यावर तो आमच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "पन्नास वर्षं हलायच्या नाहीत माझ्या पोरी." पाच जणी कॉलेजच्या वाचनालयात गेल्या, आजही तिथे सुखाने नांदताहेत म्हणे. माझ्या नशिबी आली प्रवेशाच्या मुलाखतीची खोली.

त्या खोलीत लांब टेबलामागे तिघं बसत. मधले साहेब. साहेब हुशार होते, नाही कशाला म्हणू? पण उंचीला कमी. समोरचं पोरगं ताठ बसलं की त्याची नजर साहेबांच्या डोक्यावरून जायची आणि ते त्यांना खपायचं नाही. एके दिवशी त्यांनी शिपायाला हाक मारली, तीन बोटं आडवी धरून दाखवली आणि म्हणाले, "हिचे पाय एवढे कमी कर."

शिपायाने मला व्हरांड्यात उताणी पाडलं. करवत बोथट होती. तीन पाय कसेबसे मापात कापले गेले, चौथ्याला त्याचा हात घसरला आणि पाय अर्धं पेर जास्तच गेला. मला उभी केली तर मी डुगडुगायला लागले. तो बिचारा घाबरून पाचर शोधायला धावला. साहेब म्हणाले, "राहू दे रे. डुगडुगली की समोरचा माणूस कळतो."

त्याच दिवशी मी ठरवलं, या माणसाचं उट्टं काढल्याशिवाय मोडायचं नाही.

पण मनात कितीही असलं तरी मी पडले खुर्ची. पुढची कितीतरी वर्षं मी साहेबांचंच काम करत होते आणि हीच माझी सगळ्यात मोठी जळजळ आहे. बड्या घरची मुलं यायची. मी करकरले की ती हसायची, उठून उभी राहायची आणि म्हणायची, "सर, खुर्ची बदलून मिळेल का?" साहेब खूश! "वा, काय धीट मुलगा आहे!" मग शिपाई शेजारच्या खोलीतून दुसरी खुर्ची आणून द्यायचा. आणि ज्यांच्या घरातलं कुणी कधी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, ती मुलं? ती मांड्या आवळून, श्वास रोखून माझ्यावर बसून राहायची. अर्धा जीव माझ्यात अडकलेला, मग उत्तरं कुठून आठवणार? शिवाय निघताना माझ्या करकरीबद्दल माफी मागायची, जशी काही करवत त्यांनीच चालवली होती.

एकदा एक मुलगी आली. आईचा ब्लाऊज आत टिपा घालून लहान केलेला, केस चापून बसवलेले. दार उघडताना शिपायाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर चेहऱ्यावर दिसलं असतं. ती त्याची सख्खी भाची होती. "मामा, ओळख सांगायची नाही हं, मला माझ्या गुणांवर जायचंय," असं तिने त्याला बजावलं होतं.

गणितात ती साहेबांनाही हात टेकायला लावणारी. पहिली दोन उत्तरं चोख दिली. तिसऱ्याला ती जरा पुढे सरकली आणि मी जोरात करकरले. ती लालेलाल झाली. "माफ करा," म्हणाली. पुन्हा करकरले. "माफ करा." त्यानंतर तिला स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता आलं नसतं. साहेबांनी शेरा लिहिला आणि शेजारी बसलेल्या बाईंना ऐकू जाईल असा वाचला, "आत्मविश्वासाचा अभाव." मग तिला म्हणाले, "कळवू."

कुणी काही कळवलं नाही. ती औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायला लागली. बाहेरून परीक्षा देऊन पदवीही मिळवली, पण त्या दारातून पुन्हा कधी आत आली नाही.

मामा निवृत्त झाला त्या महिन्यात कॉलेजने नवं सामान घेतलं. मी भंगारात निघाले. मामाने मला मागून घेतलं. साहेब हसले. "ने की. जाळायला होईल." माझ्या जागी आलेल्या गुबगुबीत खुर्चीचेही पाय त्यांनी नव्या शिपायाकडून तीन बोटं कापून घेतले आणि तीही डुगडुगेल याची काळजी घेतली. खोड काही सामानाबरोबर भंगारात जात नाही.

मामाने मला जाळलं नाही. एका शिंप्याच्या दुकानावरची माडी त्याने मागून घेतली. खाली दिवसभर शिवणयंत्रं खडखडायची, जिन्यावर दोऱ्यांचे तुकडे, आणि वर फळ्यावर लिहायला शिंप्याचाच चपटा खडू. कारखाना सुटला की भाची येऊन वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायची. मुलं तिला ताई म्हणायची आणि मामाला सगळं गावच मामा म्हणायला लागलं. मुलाखतीची तयारी मामाकडे. बावीस वर्षं दाराशी उभं राहून त्याने साहेबांचा एकूण एक प्रश्न ऐकला होता. तो इस्त्रीच्या टेबलामागे बसायचा, साहेबांसारखा खाकरायचा, चष्मा पुसायचा आणि मुलांना माझ्यावर बसवायचा. काट्याने काटा काढायचा त्याचा बेत होता.

पहिल्या वर्षी तिघं गेले आणि तिघंही माफी मागून परत आले. मामा दातओठ खात राहिला. दुसऱ्या वर्षी त्याने सांगितलं, "उत्तरं नंतर. आधी एकच वाक्य पाठ करा, खुर्ची बदलून मिळेल का? बड्या घरची पोरं हेच म्हणतात."

तुम्हाला खोटं वाटेल, पण भूमितीची कोडी सोडवणाऱ्या मुलांना हे चार शब्द तोंडातून निघायचे नाहीत. जन्मभर पडेल त्या जागी बसायची सवय!

त्यात सगळ्यात वाईट गत भोंग्याची. भोंगा म्हणजे बसगाड्या धुणाऱ्या बाईची मुलगी. आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलेलं. गणितात ताईच्याही पुढे. तिच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा प्रवेश झाला तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून माझ्याबरोबर पाइप धरायचा." भोंगा रोज माझ्यावर बसायची, मी डुगडुगायचे आणि ती ओठ हलवायची.

"काय म्हणालीस?" मामा विचारायचा.

"म्हटलं ना मामा."

"माझ्या कानाला नाही ऐकू आलं, साहेबांच्या काय येणार?"

मुलाखतीच्या दिवशी ताईने कारखान्यात रजा टाकली. माडीवर ती आणि मामा वाट पाहत बसले होते. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. भोंगा वर आली आणि थेट माझ्यावर बसली.

"डुगडुगली. अगदी हिच्यासारखी," ती म्हणाली. "मी उठले. म्हटलं, सर, खुर्ची बदलून मिळेल का?"

"शाब्बास!" मामा उडालाच. "मग?"

"म्हणाले, इथे दुसरी खुर्ची ठेवलेली नाही."

मामाचा चेहरा पडला. "खोटं! शेजारच्या खोलीत आठ खुर्च्या आहेत. माझ्या या हातांनी आणून दिल्यात मी." मग तो हळूच म्हणाला, "त्यांच्यासाठी आणायचो. तुला नाही म्हणतील हे मला सुचायला हवं होतं गं."

"ऐका तर," भोंगा म्हणाली. "मी म्हटलं, हरकत नाही सर, मी उभ्यानेच उत्तरं देते."

हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

"पाऊण तास उभी होते मी. टेबलाला खेटून. साहेबांना सारखी मान वर करावी लागत होती. शेवटी शेवटी मान चोळत होते. शेजारच्या बाई हसल्यासुद्धा."

"आणि आवाज?" ताईने विचारलं.

"उभी राहिले ना ताई, आपोआप मोठा निघाला."

तीन बोटांसाठी ज्याने माझे पाय कापले, त्याची मान एका पाइप धरायला निघालेल्या मुलीने पाऊण तास वर धरायला लावली. मला नाचता आलं असतं तर मी तीन पायांवर नाचले असते. यादी लागली, भोंगा सातवी. तिच्या आईने जिन्यावर बसून पदर तोंडाला लावला आणि रडत रडत शिंप्याला दोष दिला की दोऱ्याची धूळ डोळ्यात जाते.

दीड वर्ष गेलं. साहेब निवृत्त झाले. ताईने खाली पाटी लावली होती, 'मुलाखतीची तयारी करून घेणारे शिक्षक हवेत.' एका संध्याकाळी साहेब स्वतः जिना चढून आले. घरी बसवत नव्हतं, गरीब मुलांना मार्गदर्शन करायची इच्छा होती. मामाने दार उघडलं. बावीस वर्षं ज्याने दार उघडलं, त्याचा चेहरा साहेबांना ओळखू आला नाही. म्हणाले, "जरा पाणी आण रे." मामाने पाणी आणलं.

आमच्याकडे नियम आहे, शिकवायला येणाऱ्याचीही मुलाखत होते. इस्त्रीच्या टेबलामागे ताई आणि भोंगा बसल्या. ताई म्हणाली, "बसा."

साहेब माझ्यावर बसले. इतकी वर्षं मी याच घटकेसाठी लाकूड धरून होते! त्यांची हनुवटी टेबलाच्या कडेला आली. मी करकरले. ते सरकले. मी आणखी जोरात करकरले.

"दुसरी खुर्ची मिळेल का?"

"इथे दुसरी खुर्ची ठेवलेली नाही," भोंगा म्हणाली. तिचा आवाज खाली शिंप्यापर्यंत गेला असणार, कारण यंत्र थांबलं.

साहेब उभे राहतील, असं मला क्षणभर वाटलं. नाही राहिले. त्यांचा हात खाली गेला, माझ्या कापलेल्या पायाचं टोक बोटांना लागलं. मग त्यांनी वर पाहिलं, दाराशी रिकामा पेला घेऊन उभ्या असलेल्या मामाकडे. बराच वेळ पाहिलं. मी करकरले.

"माफ करा," साहेब म्हणाले.

माझ्या आवाजाबद्दल की आणखी कशाबद्दल, ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. ताईने पेन उघडलं. तिने शेरा लिहिला आणि भोंग्याला ऐकू जाईल असा वाचला, "आत्मविश्वासाचा अभाव."

मग ती साहेबांना म्हणाली, "कळवू."

आता माझे सांधे सैल झालेत, पाठीला तडा गेलाय. परवा एका मुलीचे सुतार वडील मला पाहून हळहळले आणि पाचर घेऊन आले. भल्या माणसा, तुझे उपकार आहेत, पण माझी एवढी विनंती ऐक. मला सरळ करू नकोस. अजून पुष्कळ मुलं यायची आहेत आणि त्यांना उभं राहायला शिकायचं आहे.

साहेब दोनदा खाली शिंप्याकडे चौकशी करून गेले म्हणे. आम्ही अजून काही कळवलेलं नाही.