बरण्यांत गेलेल्या गोळ्या

डॅन्यूबकाठच्या त्या गावात भाद्रपदी उन्हात प्रत्येक अंगणात चूल पेटलेली असते. स्तामेनाच्या अंगणातही पिंपात पाणी उकळत होतं आणि त्यात टोमॅटोच्या बरण्या गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या. म्हातारी सरपण सारत होती. सून नेवेना भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती. बोटं काळी झाली होती, डोळे चुरचुरत होते. सकाळपासून दोघींत चार शब्द झाले असतील नसतील.

मीठ आणायला नेवेना आत गेली. फडताळात मिठाशेजारी तिची डबी होती. तिनं ती हलवली. आवाज आला नाही.

अंगणात येऊन तिनं विचारलं, "आई, हितल्या गोळ्या?"

"बरण्यांत गेल्या," स्तामेना वर न बघता म्हणाली. "तुला अ‍ॅस्पिरीन घ्यायची अक्कल कुठनं आली म्हणून मला नवलच वाटलं. पन आणल्यास त्या राळ्याच्या दाण्यावानी बारक्या. म्हनून मूठमूठ टाकल्या."

त्या गावात अ‍ॅस्पिरीन डोक्यासाठी कमी आणि टोमॅटो नासू नयेत म्हणूनच जास्त खपे. म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोट बोलेपर्यंत तोंडानं बोलू नये, अशी तिथली रीत. नेवेना एकटीच बसनं शहरात गेली होती. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, तो चांगला निघाला. मग रक्त काढलं. गर्भाची वार रुजताना रक्तात जे द्रव्य सोडते, ते तिच्यात फार कमी होतं. आज काही नाही, बाई म्हणाल्या, पण पुढच्या महिन्यांत दाब चढून दोघांच्या जिवावर बेतू शकतं. होईलच असं नाही. रोज संध्याकाळी ही अ‍ॅस्पिरीनची बारकी गोळी घे, गावात मिळते ती मोठी नको, धोका कमी होतो. नवऱ्याला, रांगेलला, तिनं फोन केला. तो जर्मनीत डुकरांच्या कत्तलखान्यात पाळीवर होता. मागून यंत्रांचा घरघराट येत होता. धडधाकट बाईनं औषध कशाला खावं, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून ती गोष्ट तिच्या एकटीची होती.

"त्या माझ्या व्हत्या," नेवेना म्हणाली.

"डोकं दुखतंय?"

"न्हाई. दिवस गेल्यात मला."

स्तामेनानं सवयीनं तीनदा थुंकून दृष्ट काढली. मग नेवेनानं रक्ताचं सांगितलं.

"तुझं अंग तर बैलावानी टणक. रगताला काय कळतंय?"

नेवेनानं काळी बोटं पुसली. मग म्हणाली, "मिरचीचं रोप लावलं की हिरवंच दिसतं न्हवं? मुळी धरली का न्हाई ते तुमी कसं बघता?"

"हलकेच वढून."

"बाईंनी तसं वढून बघितलंय. मुळी नीट धरली न्हाई."

म्हातारीच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. पिंपातल्या बरण्या एकमेकींवर किणकिणत होत्या.

"रांगेलच्या आधी मला पोरगी व्हती," ती म्हणाली. "ती पोटात असताना पाय सुजले. डोळ्यांम्होरं काजवं. मग झटकं आलं. शुद्धीवर आले तवा लोक पोरीला पुरून आले व्हते. गाव म्हनालं, दृष्ट लागली. आजवर मीबी त्येच म्हनत आले."

तिनं लाकूड चुलीत सारलं, पदर नीट करावा तसा डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि फाटकाकडे निघाली.

"आई, शेजारच्या केराबाईकडं नको. गावभर हुईल."

"हुंदे. तिच्या जावयाकडं गाडी हाय. तुझी बस सोमवारी."

भिंतीपलीकडून सासूचा आवाज नेवेनाला स्पष्ट ऐकू आला. आमच्या सुनेला दिवस गेलेत, शहरातलं दुकान बंद व्हायच्या आत औषध पाहिजे, जावयाला जेवणावरनं उठव. केरा काहीतरी कुजबुजली, थुंकलीही. "ते मागनं थुक," स्तामेना म्हणाली. "आधी किल्ली आण."

सासूला घेऊन गाडी गेली. नेवेना चुलीपाशी एकटी राहिली. पिंपाखालचा विस्तव ओढून काढला, बरण्या उचलून फळीवर उलट्या मांडल्या. आतल्या गोळ्या केव्हाच विरघळल्या होत्या. या टोमॅटोंना तरी हिवाळ्यात काही होणार नव्हतं. रस्त्यानं जाणाऱ्या दोघीतिघी फाटकाशी रेंगाळल्या, तिच्या पोटाकडे बघून पुढे गेल्या. रांगेलला फोन लावला, तो वाजत राहिला.

दिवेलागणीला म्हातारी आली. नवी डबी तिनं मिठाच्या फडताळात ठेवली नाही. देवमातेच्या तसबिरीखाली, दिव्याशेजारी ठेवली. एक गोळी तळहातावर काढून पाण्याच्या पेल्यासह सुनेपुढे धरली.

नेवेनानं गिळली.

"तोंड उघड."

"गिळली हो."

"उघड म्हनते न्हवं."

नेवेनानं तोंड उघडलं. म्हातारीनं दिवा जवळ आणला, जिभेखाली बघितलं, गालांच्या आत बघितलं. मग खाली वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि खळी राहते का, ते बघत राहिली. कातडी लगेच वर आली. तरी तिनं हात काढला नाही. नेवेनानंही पाय मागे घेतला नाही. कित्येक दिवसांत तिला इतक्या जवळून कुणी बघितलं नव्हतं.