बरणीतल्या खमिराची जळजळ

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे, खमिराची. बरणी म्हणजे काच नव्हे हो, काच दोनदा फुटली. आत फसफसणारी मी मात्र तीच. या बेकरीतला पहिला पाव माझ्या जिवावर फुगला. मालकीणबाई रोज सकाळी स्वतःच्या हातानं मला पीठ आणि कोमट पाणी द्यायच्या.

मग त्यांची सून आली, प्रयोगशाळेत काम केलेली. सोबत यीस्टचा डबा घेऊन आली. कोरडे दाणे मेले, ना रूप ना वास! पण मला अर्धा दिवस लागतो ते काम तासाभरात उरकायचे.

"आई, बघा तरी किती पटकन फुगलं!"

मालकीणबाई कौतुकानं हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हिलाही जरा पळवू या," म्हणत सुनेनं एकदा माझ्यात साखर ओतली. मला तेच हवं होतं.

आता माझ्या पोटातलं ऐका. माझ्या एकेका पेशीत इवल्या इवल्या खोल्या आहेत आणि तिथं प्रथिनं राबतात. एका खोलीतली अन्न सावकाश जाळून पुरेपूर ताकद काढतात. पण साखरेचा ढीग दिसला की पेशी त्यांना बसवून ठेवते आणि खोलीबाहेरच साखरेची भराभर दारू होते. मी फुगले, झाकण उडवलं आणि थेट खालच्या फळीवरच्या डब्यावर ओघळले. त्याचं झाकण सैल होतं. बरं वाटलं मला!

मालकीणबाईंनी नाक मुरडलं. "अगं बाई, ही तर पिऊन आलीय! टाक ती मोरीत."

"आई, साखर मी घातली. हिला कशाला शिक्षा?"

"मग ठेव त्या कोपऱ्यात. माझ्यासमोर नको."

कोपऱ्यात मला कुणी दाणापाणी दिलं नाही. तेव्हा पेशीतली दुसरी खोली, कोठीची, धावून आली. तिथल्या प्रथिनांनी माझंच जुनं, झिजलेलं सामान मोडलं. तिच्या भिंतीतल्या दरवान प्रथिनांनी त्यातलं कामाचं तेवढं बाहेर पोचवलं. त्यावर मी जीव धरून राहिले. सगळं मोडून खाल्लं, मत्सर तेवढा कुणाला मोडता आला नाही.

एके सकाळी कणीक परातीत तशीच पसरून राहिली. डब्यातले दाणे ओल लागून मेले होते. दारात गिऱ्हाईक उभं. मालकीणबाईंनी मला कोपऱ्यातून उचललं, तळातला चमचाभर गोळा काढला आणि साधं पीठ घातलं.

"ऊठ बाई आता. तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

संध्याकाळपर्यंत मी काठाला आले. अन्न सावकाश जाळणारी ती खोली पुन्हा पेटली होती.

सून हसली. "आई, डब्यातलं यीस्ट आणि ही एकाच कुळातली. आतल्या खोल्यासुद्धा तशाच."

"हळू बोल गं," मालकीणबाई माझ्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "ऐकेल ती."

तेव्हा मित्रांनो, आम्हाला वेळेवर साधं पीठ द्या, साखरेचे लाड नकोत. आणि नवा डबा आणलाच, तर तो दुसऱ्या खोलीत ठेवा.