लिफ्टरच्या पावलांचा माग

माणसाला काढून टाकायचं असलं की आधी त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं, अशी आमच्या कनेरगाव नाक्यावर रीत आहे. "पोरगं गुणी हाय, पण" असं कोणी म्हणालं की समजावं, पोराचं आता काही खरं नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात द्वारकाबाईच्या हॉटेलात धम्मानंदबद्दल हे वाक्य मी एका दिवसात सात वेळा ऐकलं. त्यातल्या तीन वेळा मीच म्हणालो होतो.

धम्मानंद आमच्या व्हॉलीबॉलच्या टीमचा लिफ्टर. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरून आलेला चेंडू मागचा खेळाडू उचलतो आणि नेटजवळ देतो. नेटजवळ उभा असलेला लिफ्टर तो अलगद वर चढवतो, आणि स्मॅशर उडी मारून पलीकडे हाणतो. टाळ्या स्मॅशरला मिळतात, शिव्या लिफ्टरला. मागच्या खेळाडूकडे तर कोणी बघतही नाही. तो मागचा खेळाडू म्हणजे मी, विजयकुमार. वय चव्वेचाळीस, धंदा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचा, टीममध्ये बावीस वर्षं आणि त्यातली नऊ वर्षं कॅप्टन. धम्मानंद आठवीत असताना त्याला लिफ्टिंग शिकवलं ते मीच.

तर हा धम्मानंद नोव्हेंबरपासून बिघडला. त्याने चढवलेला चेंडू कधी नेटपासून दोन हात लांब, कधी आमच्या स्मॅशरच्या, म्हणजे संदेशच्या, डोक्यामागे. संदेश हवेत उडी मारायचा आणि रिकाम्या हाताने खाली यायचा. लागोपाठ तीन सामने हरलो. तिसरा तर पुसेगावने घेतला, आणि पुसेगावकडून हरल्यावर आमच्या नाक्यावरच्या माणसाला आठवडाभर भाकरी गोड लागत नाही.

त्यातून पंधरा तारखेला सेनगावची स्पर्धा होती. तिथे जिल्ह्याच्या टीमसाठी पोरं निवडणारी माणसं येणार होती. निवडीला वयाची अट होती, आणि पुढच्या वर्षी धम्मानंद त्या अटीत बसणार नव्हता. म्हणजे यंदा तो सेनगावच्या मैदानावर उतरला तर उतरला, नाही तर जिल्ह्याचा विषय त्याच्यासाठी कायमचा संपला. आठ खेळाडूंची यादी रविवारपर्यंत पाठवायची होती, आणि ती लिहिणार होतो मी.

म्हणून हॉटेलात चार दिवस पंचायत बसली. संतराम एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. आयुष्यभर माणसं मोजली, त्यामुळे मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पुसेगावच्या सामन्यात त्याने मोबाइलवर टिपून ठेवलं होतं: धम्मानंदने एकेचाळीस चेंडू चढवले, त्यातले एकोणीस वाया गेले. त्याचं म्हणणं, आकडा काही कोणाचा पाहुणा नसतो, तो तोंड बघून बोलत नाही. संदेश मान डोलवत होता.

द्वारकाबाईचा हिशेब निराळा. तिच्या हॉटेलात हरलेल्या किती टीमांनी चहा प्यायला असेल याची गणती नाही. ती म्हणाली, हरून आल्यावर पोरगं काय बोलतं यावरून ती त्याला पारखते. बाकीचे पंचाला, वाऱ्याला, एकमेकांना नावं ठेवतात. धम्मानंद चहा पितो, कप विसळून ठेवतो आणि जातो, कोणाला एका शब्दाने बोलत नाही. त्यावर मी म्हणालो की बोलायला तोंड तर पाहिजे. सगळे हसले, आणि आपण फार मार्मिक बोललो असं मला वाटलं.

किसनराव तोवर गप्प होते. सत्तरीचा माणूस, पंचक्रोशीत बैलांचा जाणकार. कोणाचं जनावर चुकलं तर खुरांचा माग काढत जायचं काम त्यांचंच. एकदा त्यांनी नुसत्या मागावरून सांगितलं होतं की बैल उजव्या पायाने लंगडतो आणि नेणारा माणूस त्याला ओळखीचा आहे, कारण बैल कुठेच अडून उभा राहिलेला नाही. चोर बैलमालकाचा साडू निघाला. तर हे किसनराव बशी खाली ठेवून म्हणाले, "तुमी समदे शिंगं पाहून बैल घ्यायलात. शिंगं तर बाजारात कोणीबी रंगवून आणतं. मला पोराचे पाय दावा."

त्यांची अट अशी होती. शनिवारी मैदानावर पाणी मारायचं, माती जरा मऊ झाली की झाडून सारखी करायची, आणि त्यावर आमच्या टीमने गावातल्या दुसऱ्या टीमशी एक सेट खेळायचा. सेट संपला की सगळ्यांनी बाहेर व्हायचं. मग ते आत जाणार. मला ही कल्पना मनापासून आवडली. यादीतून नाव काढायचं तर एखाद्या वडीलधाऱ्याचा शब्द पाठीशी असलेला बरा.

शनिवारी चार वाजता गाव लोटलं. शेजारच्या शेतात हळद शिजत होती, तिथली कढई सोडून माणसं आली. संतरामने टाकीला पाइप लावून मैदान भिजवलं, पोरांनी कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झाडून घेतलं, फक्कीच्या रेघा नव्या मारल्या. किसनरावांनी खुर्ची मागवली आणि मैदानाकडे पाठ करून बसले. सामना बघणार नाही म्हणाले, चेंडू दिसला की डोळा फसतो. अख्खा सेट त्यांनी वाशिमकडे जाणारे ट्रक बघितले.

आम्ही पंचवीस-वीसने हरलो. समोरच्या टीममध्ये ढाब्यावर स्वयंपाक करणारा रविंद्र होता, तोही माझ्यासारखाच मागे खेळणारा, आणि त्याने बऱ्यापैकी चेंडू उचलले. आमच्याकडे धम्मानंदचे चेंडू पुन्हा तसेच, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. बाहेर येताना संदेश माझ्या कानात म्हणाला की पोरगं गुणी आहे. पुढचं "पण" त्याने बोलायची गरज नव्हती.

किसनराव चपला काढून आत शिरले. आमच्याकडे गावच्या खेळात जागा ठरलेल्या असतात, सर्व्हिस करून आला की जो तो आपल्या जागेवर. त्यांनी नेटजवळ काठी टेकवली आणि विचारलं की इथे कोणी उभं राहायला पाहिजे. लिफ्टरने, मी म्हणालो. तिथली माती फारशी तुडवलेली नव्हती. धम्मानंदच्या बुटांचा नक्षीचा ठसा गावभर ओळखीचा, आणि तो नेटजवळ नुसता येता-जाता उमटलेला, थांबल्याचा कुठेच नव्हता. बाकी सगळा मैदानाच्या मधोमध पसरलेला.

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. जागाच सोडतो पोरगा, मी मोठ्याने म्हणालो. संतरामने लगेच मोबाइलवर काहीतरी टिपलं. धम्मानंद रेषेबाहेर उभा होता, मान खाली. त्याच्या मागे त्याची आई करुणाबाई उभी होती, अंगणवाडीच्या कामावरून थेट आलेली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. ते मात्र मला बरं वाटलं नाही.

किसनराव अजून वाकलेलेच होते. काठीच्या टोकाने ते एकेक ठसा उलगडत पुढे सरकत होते. "जागा सोडायला न्हाई हे पोरगं," ते म्हणाले. "चवडा रुतलाय, टाच टेकलीच न्हाई. पळत आलंय हितवर. आन् माघारी फिरलंय तेबी पळतच. आळशी पाय असा न्हाई पडत." मग ते थांबत थांबत मोजू लागले. नेटपासून मागे यायच्या वाटा तेवीस. त्यातल्या एकोणीस एकाच बाजूला गेलेल्या, मागच्या उजव्या कोपऱ्याच्या अलीकडे, आणि तिथे माती नांगरल्यासारखी झालेली. तिथून दोन पावलं मागे त्यांनी काठी ठेवली.

तिथे अनवाणी पायांचे दोन ठसे होते. शेजारी शेजारी, टाचा खोल, आजूबाजूची माती स्वच्छ. किसनरावांनी विचारलं, "हे कोण? हे जनावर तर खुट्याला बांधलेलं हाय."

आमच्या टीममध्ये अनवाणी खेळणारा एकच. संदेश आभाळाकडे बघू लागला. शेवटी द्वारकाबाईला हसू आवरेना, आणि ती हसली तसं सगळं गाव हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, ओल्या मातीत पाय सरकतो म्हणून आज मी जपून उभा होतो. किसनरावांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "माती तर समद्यांलाच वल्ली व्हती, इजू."

मी पायांवरची माती झटकू लागलो. पण संतराम कसला गप्प बसतो. त्याने दुसरा सेट खेळायला लावला आणि या वेळी धम्मानंदला न मोजता मला मोजलं. मी चोवीस चेंडू उचलले. त्यातले नऊ नेटजवळ गेले, पंधरा मधेच पडायच्या बेतात. त्या पंधरांतले आठ धम्मानंदने पळत जाऊन, गुडघ्यावर घसरत, कसेबसे संदेशच्या हातात दिले होते. संतराम हे आकडे वाचत असताना संदेशचा चेहरा बघण्यासारखा होता. गुण मिळवून देणारे त्याचे चार स्मॅश त्या आठांमधलेच होते.

मी बाजूला जाऊन पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसलो. आधी किसनरावांचा राग आला, मग संतरामचा, आणि मग दोघांचाही येईना तेव्हा उरलो मीच. गेल्या दिवाळीपासून गुडघा धरत होता, हे मला माहीत होतं. एक पाऊल पुढे टाकायच्या ऐवजी मी हात लांब करत होतो, हेही माहीत होतं. पण चेंडू वर जात होता ना, मग झालं, असं मी स्वतःला सांगत होतो. धम्मानंद इतका चांगला पळत होता, की तो पोचला तर माझी चूक दिसायची नाही, आणि नाही पोचला तर त्याची दिसायची. वर मीच हॉटेलात बसून त्याला पारखत होतो. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

धम्मानंद पाणी प्यायला आला तेव्हा मी विचारलं, "मला काहून सांगितलं न्हाई रे?"

त्याने तोंड धुतलं, बाहीने पुसलं. "सांगितलं असतं तर तुमी खेळ सोडला असता, काका. मला वाटलं, मीच जरा जोरात पळलो तर भागून जाईल." टाकीचा नळ बंद करत म्हणाला, "म्हणून तर तीन महिने पहाटे पळून राहिलो."

पहाटे वाशिम रोडला पळताना मी त्याला कितीदा पाहिलं होतं. गावात सांगतही होतो, की पोराचं लक्ष आता पोलीस भरतीकडे आहे, खेळात मन राहिलेलं नाही. हे त्याच्या कानावर गेलं नसेल असं होणारच नाही. कनेरगाव नाक्यावर बोललेलं संध्याकाळपर्यंत नरसीला पोचतं.

रविवारी सकाळी हॉटेलात यादी लिहायला बसलो. किसनराव, संतराम, द्वारकाबाई, सगळे हजर. धम्मानंदही आला, त्याला मीच बोलावलं होतं. पहिलं नाव त्याचं लिहिलं, कॅप्टन म्हणून. मग संदेश, मग बाकीचे. सात नावं झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि म्हणालो की मी यंदा येणार तो बघायला, खेळायला नाही.

खरं सांगतो, हे बोलून मी वाट बघत होतो. बावीस वर्षं खेळलेला माणूस. कोणीतरी म्हणेल की असं कसं, तुमच्याशिवाय टीम कसली. मी त्यावर काय बोलायचं तेही ठरवून आलो होतो. किसनराव बशीतला चहा फुंकत राहिले. संतराम मोबाइलमध्ये बघत होता. निदान धम्मानंद तरी, असं वाटून मी त्याच्याकडे पाहिलं.

"मग रविंद्रला आजच सांगू का, काका?" तो म्हणाला. "त्याला ढाब्यावरची पाळी बदलून घ्यावी लागंल."

झोंबलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच झोंबलं. ठरवून आणलेलं भाषण घशातच राहिलं. द्वारकाबाईने न मागता माझ्यापुढे दुसरा चहा ठेवला, आणि तो संपेपर्यंत माझ्या ध्यानात आलं, की तीन महिने हे पोरगं मला सांभाळत होतं आणि आज पहिल्यांदा माझ्याशी टीममधल्या माणसासारखं सरळ बोललं. मला हसू आलं.

"आजच सांग," मी म्हणालो आणि आठवं नाव रविंद्रचं लिहिलं. "आन् उद्या पहाटे पळायला जाऊ नको. नीट झोप."