विचारून गेलेलं काचघर

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई प्राध्यापकांच्या सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्याच वर्षी विद्यापीठात विज्ञानाची नवी इमारत बांधायचं ठरलं. बैठकीत कुलगुरूंनी रंगीत नकाशा टेबलावर पसरला. "मोकळेपणानं सूचना द्या," म्हणाले.

बाईंनी विचारलं, "सर, पाया कधी खणणार?"

"पुढच्या महिन्यात."

"मग तुम्ही आम्हाला विचारताय, की नुसतं कळवताय?"

वाचनालय बांधतानाही असंच झालं होतं, आधी कुणालाच विचारलं नव्हतं. सगळ्यांना बोलावणं आलं ते थेट उद्घाटनाचं, आणि वाचनकक्षात दुपारचं ऊन असं काही घुसायचं की शेवटी खिडक्यांना कागद चिकटवावे लागले.

कुलगुरू माणूस तापट, पण मनाचा खोटा नव्हता. जरा वेळ धुसफुसले आणि मग स्वतःच नकाशाची गुंडाळी केली. "ठीक आहे, पहिल्यापासून बसू. पण वर्षभर घोळ घालायचा नाही हं!"

"घोळ आधी घातला ना सर, की नंतर निस्तरावा लागत नाही," बाई म्हणाल्या. कुलगुरूंनाही हसू आवरलं नाही.

समिती बसली. त्यात प्राध्यापक होते, विद्यार्थी होते, कार्यालयातली माणसं होती, आणि आर्किटेक्ट आल्या त्या कोरा कागद घेऊन. बाईंचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला: इमारतीला लागून, भरपूर उन्हाच्या बाजूला, मोठं काचघर. कित्येक वर्षं त्या ते मनातल्या मनात बांधत होत्या. जागासुद्धा हेरून ठेवलेली.

ती जागा त्यांनी कागदावर दाखवली, तशी व्हीलचेअरवरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, वसतिगृहातून वर्गाकडे यायला मला तिथूनच काय ती एक सपाट वाट आहे. बाकी सगळीकडे चढ."

बाई रोज त्याच वाटेनं जायच्या, पण हे कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"काचघर गच्चीवर बसेल," आर्किटेक्ट म्हणाल्या, "पण निम्म्याहून लहान."

बाईंनी विषय मताला टाकला. गच्चीच्या बाजूनं पहिला हात वर गेला तो त्यांचाच.

घरी नवऱ्यानं विचारलं, "काचघर गेलं म्हणे तुझं?"

"गेलं. पण विचारून गेलं."

"रडू नाही आलं?"

"आलं की, बसमध्ये थोडं. पण खरं सांगू? इतक्या वर्षांत विद्यापीठाच्या फाटकातून मी एवढ्या ताठ मानेनं कधी बाहेर पडले नव्हते."

इमारत झाली. एका सकाळी बाई गच्चीवरच्या काचघरात रोपांना पाणी घालत होत्या, तेवढ्यात कुलगुरूंचा फोन आला.

"बाई, नवं वसतिगृह बांधायचं मनात आहे. जागा अजून ठरवलेली नाही. तुम्ही सगळे कधी बसताय?"

"आजच सगळ्यांना विचारते, सर," बाई म्हणाल्या. झारी तिथंच ठेवून त्या जिना उतरू लागल्या.