साडेसहा इंची पायरी

जिनेवाल्या मिस्त्रींनी विद्यापीठाच्या अर्जात स्वतःची उंची खरी लिहिली, आणि तिथेच घोळ झाला. अर्जात रकाना होता, 'तुमच्या अवताराची उंची'. मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभे राहिले, बायकोनं टेप धरला आणि पाच फूट चार हा आकडा भरला गेला. बायको कपडे आल्टर करणाऱ्या दुकानात कामाला होती, तिचं माप चुकायचा प्रश्नच नव्हता.

"पण अवतार म्हणजे काय हो?" तिनं विचारलं.

"कॉलेज कॉम्प्युटरच्या आत आहे. तिथे मी नाही जायचं, माझ्यासारखा एक बाहुला जाणार. मी इथे बसून त्याला चालवायचं."

"आणि नापास झाला तर बोलणी कुणी खायची?"

मिस्त्री हसले, पण प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला होता. एकतीस वर्षं ते एकाच वर्कशॉपमध्ये लाकडी जिने बनवत होते. नकाशा दुसऱ्यानं काढायचा आणि मिस्त्रींनी कापायचं. नकाशे काढणाऱ्यांनी हातात भरलेली बादली घेऊन जिना चढल्याचं कधी दिसत नसे. मिस्त्री गुपचूप इथे अर्धा इंच काढ, तिथे पाव इंच घाल असं करून लोकांचे पाय वाचवत. मग जुना डिझाइनर नोकरी सोडून गेला आणि मिस्त्रींनी मनातली गोष्ट मालकांसमोर बोलून दाखवली, की नकाशे मी काढतो. मालक माणूस भला, पण कागदाला बांधलेला.

"मिस्त्री, तुमचा हात मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक आधी कागद मागतं. वर्षभर मी कसंबसं भागवतो. तेवढ्यात गृहरचनेची पदविका आणा. नाही आणलीत तर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल."

म्हणून वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मिस्त्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलीचा जुना लॅपटॉप मांडून विद्यार्थी झाले.

ते आभासी विद्यापीठ म्हणजे भलतंच प्रकरण होतं. बारा-बारा फुटांचे दरवाजे, तितक्याच उंच खिडक्या. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही, मोठ्या संस्था ऐसपैस बांधतातच. वर्गातले बाकीचे अकरा जण त्यांच्यापेक्षा हातभर तरी उंच होते. हल्लीची मुलं उंचच निघतात, असं म्हणून त्यांनी तेही पचवलं. कुणाचे केस निळे, कुणाच्या पाठीला पंख. सगळे उडत यायचे, मॅडम काय शिकवतात ते ऐकायचे आणि तास संपला की जागच्या जागी नाहीसे व्हायचे. वर्षभरात कुणी कुणाशी तोंड उघडून बोललं नाही. काही सांगायचं झालं तर दोन शब्द टाइप करायचे, बस. मिस्त्रींना उडायची भीती वाटे, म्हणून ते फाटकापासून वर्गापर्यंत चालत जात. वर्गानं त्यांचं नाव छोटू ठेवलं होतं. या वयात कुणी छोटू म्हणत असेल तर माणसानं वाईट कशाला वाटून घ्यायचं?

मॅडम वर्गात आल्या की मिस्त्री खुर्चीतून उठून उभे राहत. बाहुला मात्र खुशाल बसलेला असे. बायकोला याचं फार हसू यायचं.

मॅडमची मात्र जरब होती. काळा लांब कोट, करडा आवाज आणि उंची अशी की वर्गातला पंखवालासुद्धा त्यांच्या कानाला लागायचा. शेवटच्या परीक्षेसाठी त्यांनी प्रत्येकाला एक प्लॉट देऊन घर बांधायला सांगितलं. शेवटच्या रविवारी सगळा वर्ग घरोघरी फिरणार आणि मार्क तिथल्या तिथे पडणार.

मुलांनी काय काय बांधलं. हवेत तरंगणारी काचेची घरं, छप्पर नसलेली, दार नसलेली. मिस्त्रींनी तीन महिने खपून एक दुमजली घर उभं केलं. पायरीची उंची साडेसहा इंच, पाऊल टेकायला साडेदहा, मधे दम खायला एक वळण, आणि तळहातात बसेल असा गोल कठडा. कच्चा आराखडा बघून मॅडमनी शेरा मारला होता, "इथे सगळे उडतात. जिना कशासाठी?" मिस्त्रींनी खाली नम्रपणे लिहिलं, "वर जाण्यासाठी."

रविवारी सकाळी बायको चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसली. मिस्त्रींचं घर सगळ्यात शेवटी होतं. पंखवाला नेहमीसारखा उडत आला आणि दाराच्या वरच्या चौकटीवर आपटला. निळ्या केसांची मुलगी वाकून आत शिरली, तिच्यामागून बाकीचे रेटून शिरले आणि जिन्यात सगळ्यांचं लोणचं झालं. कुणाचं डोकं छतात, कुणाचा पंख कठड्यात. दोघं वळणावर असे अडकले की ना वर जाता येईना ना खाली.

बायकोनं कप खाली ठेवला. "दार किती उंच केलंय?"

"सात फूट. बरोबर आहे की."

"मग ती निळ्या केसांची साडेसात फुटांची आहे आणि तुमच्या मॅडम आठाच्या. अहो, या सगळ्यांत माणसाच्या मापाचे तुम्ही एकटेच आहात."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. वर्षभर ते राक्षसांत वावरत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

तेवढ्यात जिन्यातून आवाज यायला लागले. खरे, माणसांचे आवाज. "माझ्या डोक्यावर कुणाचा पाय आहे?" "सरका ना जरा." "अरे, मला नुसतं लाकूड दिसतंय." मिस्त्रींनी आयुष्यभर अरुंद जिन्यांतून कपाटं उतरवली होती. त्यांनी माइक चालू केला.

"कुणी हलू नका. पंखवाले, तुम्ही आधी. डाव्या खांद्यानं भिंतीकडे वळा, हं, आता मागे. निळ्या केसांच्या बाई, तुम्ही खाली बसा, मग सरका. घाई नको, घर कुठे पळत नाही."

एकेक करून सगळे अंगणात निघाले. कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसायला लागले.

"छोटू, तुम्ही काका आहात?" निळ्या केसांच्या मुलीनं विचारलं.

मॅडम हसल्या नव्हत्या. "मिस्त्री, वापरणाऱ्याचं माप आधी घ्यायचं, हा आपला पहिला धडा होता."

"चुकलं मॅडम."

"एक बटण दाबलंत की सगळं घर सव्वापट होईल. पाच मिनिटं देते. नाहीतर मला पास करता येणार नाही."

बायकोनं कोपरानं ढोसलं, "दाबा की." मिस्त्रींनी बोट बटणावर नेलं. एवढं दाबलं की पदविका हातात, मालक खूश, आणि उरलेली वर्षं स्वतःचे नकाशे. त्यांनी मनात हिशेब केला आणि बोट उचललं.

"मॅडम, सव्वापट केलं तर पायरी आठ इंचांच्या वर जाते. चढताना गुडघ्याला लागेल."

"कुणाच्या गुडघ्याला? इथे गुडघे कुणाला आहेत?"

"इथे नसतील. पण मी शिकलो ते खऱ्या माणसांसाठी जिने काढायला. एवढी उंच पायरी माझ्या नावावर नको. पाहिजे तर मार्क कापा."

बोलून गेले, आणि मग त्यांना मालकांचा कागद आठवला. बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग निळ्या केसांची म्हणाली, "घर मोठं कशाला करायचं? उंचीचं बटण आपल्यालाही आहे." आणि बघता बघता ती खाली आली. "पाच फूट दोन. खरी." पंखवाल्यानं पंख काढून टाकले. "मी पाच सात. बरं, पाच सहा. जाऊ दे, पाच पाच." एकामागून एक अकराही जण माणसात आले. उरल्या मॅडम.

मग आठ फुटांचा तो काळा कोट उतरायला लागला. सात झाले, सहा झाले, पाचही गेले. चार फूट दहावर मॅडम थांबल्या. कुणी हसलं नाही. त्या दारातून सरळ आत गेल्या आणि एकेक पायरी चढत वळणापर्यंत पोचल्या.

"मिस्त्री," त्यांचा आवाज आता करडा नव्हता. "सहा महिने झाले, मी माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर गेलेले नाही. पुस्तकं सगळी वर आहेत. गुडघे गेले म्हणून सोडून दिलं. आमची पायरी किती उंच असेल हो?"

"मोजून सांगा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुठेतरी एक ड्रॉवर उघडला, चपला दूर गेल्या. वर्ग थांबून राहिला. जिन्याच्या वळणावर चार फूट दहाचा बाहुला एकटाच उभा होता. मग चपला परत आल्या.

"सव्वानऊ."

"मग तुमच्या गुडघ्यांना कशाला दोष देता?" मिस्त्री म्हणाले. "सव्वानऊवर मीसुद्धा बसकण मारीन."

मॅडमचा करडा आवाज परत आला. "मापाच्या चुकीचे दहा मार्क कापणार, ते सोडायची नाही. पास आहात. कागद आठवड्यात मिळेल. आणि मिस्त्री, माझा जिना तुम्ही काढून द्याल का?"

बायको डोळे पुसत होती आणि हसतही होती. मिस्त्रींनी लॅपटॉपशेजारी कोरा कागद ओढला आणि पेन्सिल हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुणी नकाशा मागितला होता.

"देतो की," ते म्हणाले. "खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत किती आहे, तेवढं बघून या."

मॅडमच्या चपला पुन्हा दूर गेल्या, आणि सगळा वर्ग त्यांची वाट बघत थांबला.