हिरव्या शेगडीवरचा आळ

मी एक जुनी शेगडी आहे. मित्रांनो, शेगडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर निखाऱ्यांचे लहानसे भांडे येईल. मी तशी नव्हते. पोलंडमधल्या झालेसे गावात, एका घराच्या मधोमध मी छताला टेकेल एवढी उंच उभी होते. अंगभर हिरव्या चकचकीत फरशा होत्या. आज त्याच फरशा बटाट्यांच्या खोक्यांत भरून लाकडाच्या खोपटात ठेवल्या आहेत.

व्हिटोल्डचे लग्न ठरले तेव्हा त्याच्या वडिलांनी कारागीर बोलावून मला बांधून घेतले. मातीत विटा बसवता बसवता कारागीर म्हणाला, "हिच्या पोटात धूर चार वळणं फिरेल, मगच धुराड्यात जाईल. सकाळी दोन लाकडं घाला, संध्याकाळपर्यंत ऊब राहील." तसेच झाले. नवी नवरी याद्विगा घरात आली ती कोट न काढता मला पाठ टेकून उभी राहिली. पुढे तिची कणीक माझ्या शेजारी फुगली, अळंब्यांच्या माळा माझ्या खुंट्यांवर वाळल्या, तिच्या मुलाचे, लेशेकचे, बर्फाने भिजलेले हातमोजे मीच सुकवले. पाहुणे आले की याद्विगा माझ्यावर हात ठेवून म्हणे, "या घराची मालकीण मी नाही हो, ही आहे!"

दर सप्टेंबरात व्हिटोल्ड माझी तयारी करी. माझी लहान झाकणे उघडून वळणावळणातली काजळी खरवडून काढी, भेगा मातीने लिंपी. मग छपरावर चढून दोरीला लोखंडी गोळा आणि कुंचा बांधून धुराड्यात सोडी. शेवटी माझ्या दाराशी पेटती काडी धरी. ज्योत आत ओढली गेली म्हणजे धुराडे मोकळे; मग तो खाली बसून पाइप पेटवी. त्याशिवाय हिवाळ्याचे पहिले लाकूड मला कधी मिळाले नाही.

गेल्या फेब्रुवारीत व्हिटोल्ड वारला. सप्टेंबर आला तसा याद्विगाने लेशेकला धुराडे झाडायला शहरातून बोलावले.

"आई, तू काळजी नको करू. बाबांसारखं चकचकीत करून देतो," तो म्हणाला.

याद्विगा बाजाराला गेली. लेशेकने शिडी काढली, भिंतीला लावली, पण तो चढलाच नाही. त्याचे मित्र तळ्यावर मासे पकडायला निघाले होते, त्यांचे फोनवर फोन येत होते. अर्धा तास तो माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिला. मग त्याने माझा राखेचा कप्पा ओढला, मूठभर राख आणि काजळी घेतली, आणि ती आपल्या हातांना, बाह्यांना, कपाळाला चोळली. मित्रांनो, ज्याचे हातमोजे मी सुकवले त्याने माझीच राख फासून माझ्याशी खोटेपणा केला.

याद्विगा परतली आणि त्याला पाहून हसली. "अरे, काय हा अवतार! अगदी बापावर गेलास." तिने त्याला बटाट्याचे सारण भरलेले पिरोगी तळून वाढले. तो मान खाली घालून जेवला आणि तळ्यावर गेला.

ऑक्टोबरात मी धुरकटू लागले. मला श्वास घेता येईना. याद्विगाने फोन केला तेव्हा लेशेक म्हणाला, "जुनी झालीय ती, आई. तिला खोकला लागलाय." दोघे हसली.

नोव्हेंबरच्या एका दमट रविवारी लेशेकची मुलगी इगा आजीकडे राहायला आली होती. दुपारी ती मला टेकून चित्र रंगवत बसली. माझ्या पोटातला धूर वर जाईना. त्यातला विषारी वायू खोलीत पसरला. त्याला रंग नव्हता, वासही नव्हता. थोड्या वेळाने इगा म्हणाली, "आजी, डोकं खूप दुखतंय गं," आणि तिथेच आडवी झाली. याद्विगाने खिडकीची काच कोपराने फोडली, पोरीला ओढत अंगणात नेले. इगा वाचली. मला मात्र ओरडून सांगता आले नाही.

इगाला तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, "कुणी धुराडं पाहीपर्यंत ही पेटवायची नाही."

"पाहायचं काय त्यात?" शहरातून धावत आलेला लेशेक घाईघाईने म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी स्वतः झाडलंय. शेगडीच फुटलीय आतून. पाडून टाकू."

याद्विगा माझ्याकडे वळली. "चव्वेचाळीस वर्षं तुला घरात ठेवली," ती म्हणाली, "आणि माझ्याच नातीच्या जिवावर उठलीस?" आठवडाभर ती गावात हेच सांगत होती.

पुढच्या शनिवारी लेशेकने हातोडा घेतला. एकेक फरशी निघाली. शेवटी धुराड्याच्या जोडावरच्या विटा काढल्या तेव्हा आतून भला मोठा भारा धपकन खाली आला. काड्या, मेंढ्यांची लोकर, दोऱ्यांचे तुकडे. तिकडचे छोटे कावळे धुराड्यांत घरटी बांधतात, त्यांचे घरटे होते ते.

याद्विगाने वाकून त्यातली थोडी लोकर हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "लेशेक, कावळे घरटं कधी बांधतात?"

"...एप्रिलमध्ये."

"आणि तू धुराडं कधी झाडलंस?"

लेशेकने हातोडा खाली ठेवला. मग तो जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. "माझीच पोर होती गं, आई. कुणाला सांगू नकोस."

इतक्यात शेजारीण स्टेफानिया दारात आली. माझ्या ढिगाकडे बघत म्हणाली, "बरं झालं बाई, गेली एकदाची! पोरीचा जीवच घेतला असता हिनं. नाही का गं?"

याद्विगाने पायाने घरटे जवळच्या रिकाम्या पोत्याखाली सारले. मुलाच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता तरी ती बोलेल.

"हो," ती म्हणाली.

मित्रांनो, हातोड्याचे घाव मी सोसले. तो एक शब्द अजून सोसत नाही. लेशेकला खरे ठाऊक नव्हते असे नाही, पण तो घाबरला होता. तिने मात्र सारे कळल्यावर, माझ्याकडे बघून 'हो' म्हटले. ती आई होती, हे मला समजते. तरीही.

म्हणून थंडी येण्याआधी घरातले धुराडे झाडा, आणि पेटती काडी दाराशी धरून पाहा. एखाद्या वर्षी झाडायचे राहून गेले तर सरळ म्हणा, 'राहून गेलं.' घरचे रागावतील, चार शब्द बोलतील आणि शिडी घेऊन तुमच्याबरोबर वर चढतील.