तेवीस पॉइंट सहा

बाबांची नजर अधू झाली तशी पट्टीवरच्या रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या. उभा जन्म काचा कापण्यात गेलेला माणूस. इंचाचे आठ भाग आणि त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक सूत, हे अंगात भिनलेलं. पण रेघच दिसेना तर करता काय? एकदोन मापं चुकली, तेव्हा दुकान सांभाळणाऱ्या लेकीनं लेझरचं यंत्र आणलं. बटण दाबलं की समोर लाल ठिपका आणि पडद्यावर ठसठशीत आकडा. फक्त तो आकडा दशांशात.

"सोपं आहे, बाबा," लेक म्हणाली. "पॉइंटनंतर एक आकडा असला तर खाली दहा, दोन असले तर शंभर. मग वरखाली भाग देत जायचं. पॉइंट पंच्याहत्तर म्हणजे?"

"पंच्याहत्तर छेद शंभर. पंचविसानं भागलं की तीन छेद चार. म्हणजे सहा सूत!" बाबा पहिला नंबर आल्यासारखे हसले.

लेकही हसली, पण तिनं निक्षून सांगितलं, "दातांच्या दवाखान्यात काच बसवायचीय, तिचं माप तुम्ही एकटे घ्या. जमलं तर मापं तुमच्याकडेच. नाहीतर यापुढे मी घेईन." हात थरथरायला लागल्यापासून काच कापणं सुटलंच होतं. मापही गेलं तर दुकानात उरायचं काय? स्टुलावर बसून आल्यागेल्याला पाणी विचारायचं?

दवाखान्यात दाराशेजारच्या चौकटीची उंची झटक्यात झाली. रुंदी आली तेवीस पॉइंट सहा. सहा छेद दहा. दोनानं भाग दिला, तीन छेद पाच. इथवर गाडी सुसाट आली आणि अडली. इंचाचे पाच भाग कुठल्या पट्टीवर असतात? अजून भाग जातोय का पाहिलं, तर तीन आणि पाच दोघंही हटून बसलेले. दारात डॉक्टरीणबाई घड्याळ बघत उभ्या. लेकीला फोन करावा, तर ती म्हणणार, पहिल्याच मापाला? शेवटी बाबांनी स्वतःची समजूत घातली, की सहा म्हणजे सहा सूतच असणार, आणि कागदावर तेवीस इंच सहा सूत लिहून टाकलं.

काच कारखान्यातून भट्टीत कडक होऊन आली. ऑर्डर देताना लेकीनं सैलपणासाठी एक सूत कमी धरलं होतं, तरी ती चौकटीत शिरेना. वरून लावली, खालून लावली, तिरकी करून पाहिली. जेमतेम केसाएवढी अडत होती. साधी काच असती तर बाबांनी कड दगडावर घासून तेव्हाच बसवली असती. कडक केलेल्या काचेला तशी सोय नाही. कड जरा दुखावली की सगळ्या काचेचा चुरा. दोघं ती धरून नुसती उभी राहिली.

"यंत्रावर किती आलं होतं?" लेकीनं विचारलं.

"तेवीस पॉइंट सहा."

"आणि तुम्ही सहा सूत लिहिलंत? पाच सुतांपेक्षाही जरा कमीच होतं हो ते, बाबा."

"तीन छेद पाच काढलं होतं मी," बाबा पुटपुटले. "ते बरोबर होतं ना? पुढे काय करायचं, तेच कळेना गं."

"आठानं गुणायचं, की सुतं येतात. आणि मला फोन नाही का करायचा?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं बाबांना फार वाटलं. पण लेकीनं काच भिंतीला टेकवली, घसरू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात तिच्या कडांवर ठेवले आणि यंत्र घेऊन ती चौकटीपाशी वाकली. लाल ठिपका उमटला.

"किती आलं?" बाबांनी विचारलं.

लेकीनं आकडा स्वतःच लिहून घेतला.

"काच नीट धरा, बाबा," ती म्हणाली.